पोलादी लक्ष्य आणि स्टँड कसे निवडावे: प्लेट, टांगणी, अंतर आणि किरचांचा हिशेब

पोलादी लक्ष्यावर नेम बसला की त्याच क्षणी आवाज येतो आणि प्लेट हलते. लक्ष्यापर्यंत चालत जावे लागत नाही, छिद्र शोधावे लागत नाही, आणि म्हणूनच सरावाचा वेग व गोडी दोन्ही वाढतात. कागदातून मात्र गोळी आरपार निघून मागच्या मातीच्या बांधात जिरते, तर पोलादावर ती तिथल्या तिथे फुटते. फुटलेल्या शिशाला आणि तांब्याच्या आवरणाला कुठेतरी जावेच लागते. ते कुठे जाणार, हे ठरवणे म्हणजेच पोलादी लक्ष्य निवडणे, असे मी मानतो. धातूचा दर्जा, जाडी, बोल्ट, टांगणी, स्टँड, अंतर या साऱ्यांची निवड या एकाच प्रश्नाचे उत्तर देत देत करावी लागते.

कठीण आणि सपाट प्लेटवर गोळी आदळली की तिचा जवळजवळ भुगा होतो आणि तो भुगा प्लेटच्या पृष्ठभागाला लगटून, साधारण २० अंशांच्या आत, चहूबाजूंनी चक्राकार फेकला जातो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर प्लेटच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर पुठ्ठ्याचे मोठे तुकडे उभे करावेत आणि दहा-बारा गोळ्या मारून मग ते जवळून पाहावेत. पुठ्ठ्यावर प्लेटच्या रेषेत अरुंद पट्टा कुरतडलेला दिसतो आणि पट्ट्याच्या बाहेर पुठ्ठा जवळपास कोरा राहतो. नवीन नेमबाजाला पोलादाची ओळख करून देताना मी आधी हा पुठ्ठा दाखवतो, कारण पुढचे सगळे नियम त्या पट्ट्यावरून आपोआप समजतात.

पहिली पायरी: शस्त्र आणि काडतूस लिहून काढणे

प्लेट पाहायला जाण्यापूर्वी कोणत्या शस्त्रातून, कोणती गोळी, किती अंतरावरून मारली जाणार आहे, हे कागदावर लिहावे. गोळीच्या ऊर्जेपेक्षा तिचा आदळतानाचा वेग प्लेटला जास्त घातक असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३५० ते ३७० मीटर वेगाने निघते आणि .४५ एसीपीची सुमारे २५५ मीटर वेगाने. चांगल्या प्लेटला या गोळ्यांनी वर्षानुवर्षे काही होत नाही. .३०८ रायफलची १६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) जड गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटरने निघते. .२२३ची ५५ ग्रेनची हलकी गोळी मात्र नळीच्या तोंडाशी ९८० मीटरच्या आसपास असते, आणि तीच जवळून मारली तर .३०८पेक्षा लहान असूनही प्लेटवर खळगे पाडते. चांगल्या प्लेटसाठी आदळतानाच्या वेगाची मर्यादा सर्वसाधारणपणे सेकंदाला ९१५ मीटर धरतात. .२२-२५०सारख्या अतिवेगवान काडतुसांना १०० मीटर अंतर पुरत नाही. वेग या मर्यादेच्या खाली उतरेल इतके दूर जाऊनच ती वापरावीत.

खालच्या बाजूलाही मर्यादा आहे. सेकंदाला साधारण २३० मीटरपेक्षा कमी वेगाची शिशाची गोळी पूर्ण फुटत नाही. ती चपटी होते आणि तिचा मोठा तुकडा परत येऊ शकतो. एअरगनचे पोलादी छर्रे तर मुळीच फुटत नाहीत, ते सरळ उलटे येतात, म्हणून ते कठीण प्लेटवर कधीही मारू नयेत.

काडतुसाची आणखी एक परीक्षा घरीच करता येते. गोळीच्या टोकाला साधे लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटले तर आवरणात किंवा गाभ्यात पोलाद आहे असे समजावे आणि ती काडतुसे कागदासाठी बाजूला ठेवावीत. पोलादी गाभ्याची गोळी उत्तम प्लेटवरही खड्डा पाडते, तिचा गाभा कुठे उडेल याचा भरवसा नसतो, आणि वाळलेल्या गवतात तिच्या ठिणगीने आग लागू शकते.

दुसरी पायरी: पोलादाची पारख

येथे काटकसर करू नये. बाजारात सहज मिळणारी एमएस प्लेट, म्हणजे माइल्ड स्टील, ब्रिनेल मापनात १२० ते १५०च्या आसपास भरते. नेमबाजीसाठी जे पोलाद वापरायचे ते एआर ५०० या नावाने ओळखले जाते, म्हणजे झीज सोसणारे आणि ब्रिनेल मापनात सुमारे ५०० कठीणता असलेले. स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली मांडलेल्या या चाचणीत १० मिलिमीटर व्यासाचा गोळा ३,००० किलो भाराने पृष्ठभागावर दाबतात आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजतात. म्हणजे प्लेट गोळीपुढे किती दबेल, याच्याशी अगदी जवळचा असा हा आकडा आहे. एआर ४०० पिस्तुलापुरते चालते. एआर ५५० अधिक काळ टिकते, पण ते महाग पडते आणि हौशी नेमबाजाला त्याची गरज क्वचितच भासते.

मऊ प्लेटचा धोका ती लवकर खराब होण्यात नसून खराब होण्याच्या पद्धतीत आहे. नळाखाली चमचा खोलगट बाजू वर करून धरला की पाणी वळून अंगावर येते. एमएस प्लेटवर पडलेला खळगा तसाच वागतो, कारण पुढची गोळी त्यात शिरली की आवरणाचे तुकडे खळग्याच्या भिंतीवरून वळून नेमबाजाकडे परततात. आमच्या सरावात सुरुवातीच्या काळात कुणीतरी भंगारातून आणलेली, बोटभर जाड एमएस प्लेट वापरात होती. जाडी पाहून सगळ्यांना ती भक्कम वाटे. एके दिवशी १२ मीटरवरून पिस्तूल चालवत असताना तांब्याच्या आवरणाची नखाएवढी किरच परत येऊन माझ्या गालात, डोळ्याच्या दोन बोटे खाली रुतली. चष्मा होता म्हणून डोळ्याची चिंता नव्हती, पण त्या प्लेटवरून हात फिरवल्यावर प्रत्येक खळग्याची उंचावलेली कड बोटांना लागली आणि जाडी म्हणजे कठीणता नव्हे हे कायमचे समजले.

विकत घेताना कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक, प्लेटवरच्या खुणेशी ताडून पाहावा. प्रमाणपत्र नसेल तर कानस चालवून ढोबळ अंदाज घेता येतो. एमएसवर कानस लगेच चावते आणि चकचकीत कीस निघतो, तर ५०० कठीणतेच्या पोलादावर ती बहुतेक घसरत राहते. हा अंदाजच आहे, तो प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही.

चांगले पोलादही चुकीच्या कापणीने वाया जाते. या पोलादाला उष्णता देऊन, झटकन थंड करून कठीण केलेले असते, आणि ते साधारण २५० अंश सेल्सियसच्या वर तापले की त्याची कठीणता उतरू लागते. गॅस कटरने कापलेल्या प्लेटची कड बरीच आतपर्यंत मऊ होते. पाण्याच्या झोताने कापलेली प्लेट सर्वांत चांगली, लेझरने कापलेलीही उत्तम, आणि काळजीपूर्वक प्लाझ्माने कापलेली चालते. भोकेसुद्धा त्याच वेळी पाडून घ्यावीत. गोळी लागणाऱ्या पृष्ठभागावर किंवा त्याच्या बरोबर मागे वेल्डिंग केलेली प्लेट घेऊ नये. स्थानिक फॅब्रिकेटर मागच्या बाजूला हुक डकवून देतो म्हणाला, तरी नम्रपणे नको म्हणावे.

तिसरी पायरी: जाडी आणि वजन

सहा मिलिमीटर जाडी .२२ आणि साध्या पिस्तुलासाठी ठीक आहे. दहा मिलिमीटरची प्लेट पिस्तूल आणि १०० मीटरच्या पुढची बहुतेक रायफल यांना पुरते, म्हणून एकच प्लेट घ्यायची असेल तर हीच घ्यावी. बारा मिलिमीटर मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसांच्या, रायफलसाठी आणि सतत मारा होणाऱ्या सामायिक मैदानासाठी राखावी.

जाडीबरोबर वजन वाढते आणि वजनाबरोबर स्टँडचा खर्चही वाढतो, म्हणून हिशेब आधीच करावा. पोलादाच्या एका घन सेंटीमीटरचे वजन ७.८५ ग्रॅम असते. त्यानुसार १० मिलिमीटर जाडीची २० सेंटीमीटर व्यासाची गोल प्लेट अडीच किलोची भरते, ३० सेंटीमीटर व्यासाची साडेपाच किलोची, आणि ३० बाय ४५ सेंटीमीटरची आयताकृती साधारण साडेदहा किलोची. बारा मिलिमीटरची ६० सेंटीमीटर चौरस प्लेट मात्र ३४ किलोपर्यंत जाते आणि ती एकट्याने उचलून टांगता येत नाही.

चौथी पायरी: आकार

रायफलसाठी आकार कोनात मोजावा. एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर, ३०० मीटरवर ८.७ सेंटीमीटर. शिकणाऱ्याने चार मिनिटांपासून सुरुवात करावी, म्हणजे १०० मीटरवर १२ आणि ३०० मीटरवर ३५ सेंटीमीटरची प्लेट लागेल. तुलनेसाठी सांगतो: बायथलॉनमध्ये ५० मीटरवर, झोपून मारताना लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर असतो आणि उभ्याने मारताना ११५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन आणि आठ मिनिटे. तेही, स्कीवरून धापा टाकत आलेल्या, जगातल्या निवडक खेळाडूंसाठी! धातूच्या प्राण्यांच्या आकृत्यांवर मारण्याच्या खेळात मोठ्या रायफलसाठी कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३०० मीटरवर, टर्की ३८५ मीटरवर आणि मेंढा ५०० मीटरवर उभा करतात. तिथे सगळ्या गोळ्या उभे राहूनच मारायच्या असल्यामुळे आकृत्या बऱ्याच मोठ्या असतात.

पिस्तुलासाठी १० ते १५ मीटरवर ३० सेंटीमीटरची प्लेट नवख्याला आणि २० सेंटीमीटरची सरावलेल्याला योग्य ठरते. पोलाद लागल्याचे सांगते, पण चुकलेली गोळी किती आणि कुठल्या बाजूला चुकली हे सांगत नाही. दहापैकी सात-आठ गोळ्या लागतील असा आकार निवडला नाही तर सराव म्हणजे नुसता शांततेत केलेला खर्च होतो.

फिरणारी, पडणारी, दोन्ही बाजूंना झुलणारी लक्ष्ये पहिल्या खरेदीत टाळावीत. त्यांच्यात बिजागऱ्या आणि कडा जास्त असतात, आणि प्रत्येक कड म्हणजे गोळी भलत्याच दिशेला वळवणारी जागा. स्थिर प्लेटवर हात बसल्यावर ती घेता येतात.

पाचवी पायरी: टांगणी आणि कोन

सगळी खरेदी नीट करूनही टांगणीत चूक केलेले पुष्कळ नेमबाज मी पाहिले आहेत, म्हणून येथे सावकाश वाचावे. प्लेटचा चेहरा किंचित जमिनीकडे झुकलेला असला पाहिजे, म्हणजे किरचांचा पट्टाही पुढच्या बाजूला खाली वळतो आणि तिथल्या मातीत जिरतो. पंधरा ते वीस अंशांचा झुकाव पुरतो.

टांगलेल्या प्लेटला हा झुकाव वजनाच्या तोलानेच देता येतो. बोल्ट प्लेटमधून मागे काढावा, त्यावर नळीचा छोटा तुकडा किंवा वॉशरची चळत चढवावी, आणि साखळी किंवा पट्टा प्लेटच्या पाठीपासून दोन-अडीच सेंटीमीटर मागे अडकवावा. टांगणीचा बिंदू मागे गेला की प्लेटचे वजन त्याच्या बरोबर खाली येऊ पाहते, खालची कड मागे सरकते आणि चेहरा आपोआप खाली पाहू लागतो. टांगणीचा बिंदू मध्यापासून १० सेंटीमीटर वर आणि अडीच सेंटीमीटर मागे असेल तर सुमारे १४ अंश झुकाव मिळतो. झुकाव कमी वाटला तर आणखी दोन वॉशर घालावेत.

बोल्ट कॅरेज बोल्ट असावा, म्हणजे समोरून गोल घुमटासारखे डोके आणि त्याखाली भोकात बसणारी चौकोनी मान. षटकोनी डोक्याच्या सपाट बाजूंवर गोळी लागली तर ती कुठेही वळते. नट मागे असावा आणि तो नायलॉन कडीचा असावा, नाहीतर हादऱ्यांनी सैल होतो. नटाच्या आतल्या बाजूला बोल्टवर जाड स्प्रिंग बसवली तर प्लेट थोडी मागे दबते आणि बोल्टवरचा ताण उतरतो. खांबाला घट्ट बसवलेल्या प्लेटसाठी ही स्प्रिंग मला अत्यावश्यक वाटते.

साखळी की पट्टा, असे विचाराल तर पिस्तुलाच्या अंतरावर मी कन्व्हेयर बेल्टच्या पाच सेंटीमीटर रुंद रबरी पट्ट्या वापरतो. पट्टीला गोळी लागली तर तिला भोक पडते आणि ती आपले काम करत राहते. साखळीच्या कडीला गोळी लागली तर कडी तुटते, उडते, आणि प्लेटही खाली येते. लांब पल्ल्याच्या रायफलसाठी साखळी चालते, तीही प्लेटच्या मागे लपेल अशी बांधावी.

टांगलेल्या प्लेटबाबत शिस्तीचा एक नियम आहे. ती झोका घेत असताना तिचा चेहरा क्षणभर वर वळतो, आणि त्याच क्षणी दुसरी गोळी लागली तर किरचा वर उडतात. जलद माऱ्याचा सराव करायचा असेल तर खांबावर बसवलेली प्लेट घ्यावी, नाहीतर झोका थांबेपर्यंत थांबावे.

सहावी पायरी: स्टँड

स्टँड गोळ्या झेलण्यासाठी नसतो, तरी आज ना उद्या त्याला गोळी लागतेच, हे धरून निवड करावी. वरती पोलादी कंस आणि खाली लाकडी पाय असलेली घोडी मला सर्वांत समाधानकारक वाटते. लाकडात किरच रुतून बसते आणि पाय झिजला की नवा लावता येतो. प्लेटच्या रेषेत येणारा लाकडी पाय काही महिन्यांत करवतीने अर्धवट कापल्यासारखा दिसतो. ती खूण पाहून पाय एक वीत बाहेर सरकवावा, म्हणजे तो जास्त टिकतो.

जमिनीत ठोकायची वाकवलेली सळई हलकी आणि सोयीची असते, पण तिला पाच-सहा किलोपेक्षा जड प्लेट लावू नये आणि पावसाने भिजलेल्या मातीत तिच्यावर विसंबू नये. लोखंडी बैठकीचा खांब जड प्लेटसाठी आणि सामायिक मैदानासाठी बरा. मात्र स्टँडचे लोखंड एमएसच असते, म्हणून त्याचा कोणताही सपाट भाग नेमबाजाकडे तोंड करून उघडा राहता कामा नये. खांब प्लेटच्या मागे लपवावा, किंवा अँगलचा कोपरा नेमबाजाकडे करून लावावा, म्हणजे चुकलेली गोळी बाजूला घसरते. बैठकीची आडवी पट्टी उघडी ठेवली तर झुकवलेल्या प्लेटवरून खाली आलेल्या किरचा तिच्यावर आपटून पुन्हा उसळतात. तिच्यावर वाळूची पोती किंवा चाळलेली माती टाकावी. याच कारणासाठी स्टँड खडी, फरशी किंवा काँक्रीटवर उभा करू नये.

सातवी पायरी: मैदानावरची मांडणी

आधी बांध, मग बाकी सगळे. प्लेटच्या मागे आणि तिच्या कडांच्या पलीकडेही दगडविरहित मातीचा बांध हवा, कारण चुकलेली गोळी पूर्ण वेगाने पुढे जाते. परवाना असलेल्या आणि पोलादाला परवानगी देणाऱ्या मैदानावरच हा सराव करावा.

आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल नेमबाजीच्या आयपीएससी नियमांत पिस्तुलाने मारायच्या धातूच्या लक्ष्यांसाठी किमान ७ मीटर अंतर आहे. ते देखरेखीखालच्या स्पर्धेसाठी ठीक. सरावात मी पिस्तुलासाठी १० मीटरच्या आत कोणालाही येऊ देत नाही आणि नवख्यांना १५ मीटरवर उभे करतो. .२२ रायफलसाठी २५ मीटर आणि मोठ्या रायफलसाठी १०० मीटर हे अंतर पाळावे.

गोळी प्लेटच्या समोरूनच मारावी. तिरक्या कोनातून मारल्यास किरचांचा झोत एका बाजूला गोळा होतो, आणि तिथे शेजारचा नेमबाज उभा असू शकतो. प्लेटच्या रेषेत दोन्ही बाजूंना कोणीही नसावे, अगदी चित्रीकरण करणारा मित्रसुद्धा. डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा आणि कानांना संरक्षण फक्त नेमबाजाने नव्हे, तर तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने घालावे. पाहायला आलेले पालक येथे सर्वाधिक चुकतात.

आठवी पायरी: वापर आणि निगा

प्लेटला चेहऱ्यावर पांढऱ्या मॅट स्प्रे पेंटचा पातळ थर द्यावा. प्रत्येक गोळी त्यावर शिशाचा करडा फुलोरा उमटवते आणि गोळ्यांचा गट दुरूनही दिसतो. रंगवायला जाताना सर्व शस्त्रे रिकामी करून खाली ठेवलेली आहेत याची खात्री करावी, आणि त्या फेरीतच नट व पट्ट्या तपासाव्यात.

सरावानंतर टॉर्च प्लेटच्या कडेला आडवा धरून तिरक्या उजेडात पृष्ठभाग पाहावा. समोरून सपाट दिसणाऱ्या प्लेटवरचा बारीक खळगाही तिरक्या उजेडात काळ्या चंद्रकोरीसारखा उमटतो. खळगा दीड मिलिमीटरपेक्षा खोल असेल, भोकापासून भेग निघाली असेल, किंवा पट्टी ठेवल्यावर प्लेट बरीच वाकलेली आढळली, तर ती वापरातून काढावी. किंचित बाक आला असेल आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल, तर फुगीर बाजू नेमबाजाकडे येईल अशी प्लेट बसवावी. खोलगट बाजू समोर कधीही ठेवू नये. खळगे वेल्डिंगने भरण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या उष्णतेने भोवतालची जागा मऊ होऊन धोका वाढतो.

फुटलेल्या गोळीची धूळ म्हणजे शिसे. प्लेट हाताळताना हातमोजे घालावेत, हात थंड पाणी आणि साबणाने धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नये, आणि प्लेटा गाडीत झाकलेल्या पेटीत ठेवाव्यात. घरी लहान मुले असतील तर त्या दिवशीचे बूट दाराबाहेर काढावेत आणि कपडे वेगळे धुवावेत.

वापरातून काढलेली प्लेट नव्या नेमबाजाला सरावासाठी देऊ नये. माझ्याकडच्या निवृत्त प्लेटा मी ग्राइंडरने मधोमध चिरून भंगारात घालतो, म्हणजे त्या पुन्हा कोणाच्या स्टँडवर चढत नाहीत.